आठ मासे, एक छटा

शेडमास्तरांच्या डोळ्यांविषयी बोलायची सोय त्यांच्या घरात नव्हती. गुडघ्यांविषयी बोला, पोटाविषयी बोला, डोक्याविषयी तर त्यांची बायको रोजच बोलत असे. पण डोळे म्हटलं की माणूस उखडलाच. रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. डब्यातला रंग नमुन्याच्या पट्टीशी जुळतो का बघायचं, आणि नाही जुळला तर ‘नापास’ असा शिक्का हाणायचा. मालकाला तिथे कुणी फारसं घाबरत नसे, त्या शिक्क्याला घाबरत. छटा बघणारे म्हणून शेडमास्तर हे नाव तिथेच पडलं आणि निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळाबरोबर घरी आलं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. नाव अजून चालू आहे.

अशा माणसाला त्याच्या व्याह्यांनी, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांनी, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं, “मास्तर, तुम्हाला मोतीबिंदू झालाय.”

मुलीने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने ताटात.

“कुणी सांगितलं?” शेडमास्तरांनी विचारलं.

“सांगायला कशाला लागतं? चाळीस वर्षं चष्मे विकतोय. माणूस दारातून आत येतानाच कळतं. मघाशी तुम्ही आमच्या पायपुसण्याला मांजर समजून वळसा घालून आलात.”

“ते अंधारामुळे.”

“भर दुपारी?”

“मांजर आहे असं वाटलं म्हणून नाही, पायपुसणं स्वच्छ राहावं म्हणून वळसा घातला,” शेडमास्तर म्हणाले. या उत्तराचा त्यांना स्वतःलाच अभिमान वाटला, पण तो टेबलावर दुसऱ्या कुणापर्यंत पोचला नाही.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण व्याह्यांचं नवं मोठं दुकान सहा महिन्यांनी उघडणार होतं आणि त्यात समुद्राच्या पाण्याची माशांची टाकी बसणार होती. शेडमास्तरांकडे घरी अशी एक टाकी होती. निवृत्तीनंतर वडिलांनी आईच्या स्वयंपाकघरात लुडबुड करू नये, म्हणून मुलीने क्लाउनफिशची एक जोडी आणून दिली होती. शेडमास्तरांनी हात धुतला आणि टेबलावर थाप मारली.

“व्याहीबुवा, तुमच्या टाकीत मी माझ्या जोडीची आठ पिल्लं सोडतो. आठही एका छटेची. केसभर फरक दिसला तर तुम्ही सांगाल त्या डॉक्टरपुढे डोळा वासून बसेन, हवा तेवढा कापा म्हणावं. नाही दिसला, तर तो शब्द या दोन्ही घरांत परत निघायचा नाही.”

“बघणार कोण?”

“तुम्हीच बघा. तुमची नजर म्हणजे काय, काचेच्या कपाटात विकायला ठेवण्यासारखी.”

व्याह्यांना हे कौतुक वाटलं आणि पैज लागली. परत येताना बायको एवढंच म्हणाली, “डोळा तुमचा, मासे तुमचे. बादल्या मात्र माझ्या.”

आता या जोडीबद्दल सांगायला हवं. साधा क्लाउनफिश केशरी असतो, त्याच्या अंगावर तीन पांढरे पट्टे, एखाद्या शिस्तीच्या शाळेतल्या मुलांसारखे रांगेत. मुलीने आणलेले मासे तसले नव्हते. त्यांच्या अंगावरचा पांढरा रंग पट्टा सोडून भलतीकडेच पसरला होता. एकाच्या पाठीवर डाग, दुसऱ्याच्या गालावर ओघळ, जणू रंगाऱ्याने काम संपल्यावर ब्रश त्यांच्यावर झटकला. शेडमास्तर चौकशीला दुकानात गेले तेव्हा मासेवाला अभिमानाने म्हणाला, “काका, ही डिझायनर जोडी आहे. अशी समुद्रात मिळत नाही. टाकीत पिढ्यान् पिढ्या निवडून तयार करतात. आणि हिचं प्रत्येक पिल्लू वेगळं निघतं, तीच तर मजा!”

“आमच्या कारखान्यात प्रत्येक डबा वेगळा निघाला की मजा म्हणत नव्हते,” शेडमास्तर म्हणाले. “चौकशी लावत होते.”

मासेवाल्याचं शिक्षण अपुरं राहिलं आहे, असं मनाशी ठरवून ते परतले आणि कामाला लागले. जोडीतला मोठा मासा दांडगा होता. त्याला त्यांनी साहेब म्हणायला सुरुवात केली. छोटा सतत त्याच्या पुढेमागे वाकून पोहायचा, तो कारकून. महिन्याभराने साहेबांनी फुटक्या कुंडीच्या खापरावर अंडी घातली. कारकून त्यांच्याशेजारी उभा राहून परांनी वारा घालू लागला.

साहेब अंडी कशी घालतात, असं विचारल्यावर मासेवाला फोनवर हसला. “काका, हे सगळे जन्मतात नर. त्यातला सगळ्यात मोठा असतो तो मादी होतो.”

बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, “त्यात काय एवढं? नावं नका बदलू. साहेबच राहू दे तिला. घर कोण चालवतं ते तरी कळेल.”

पिल्लांची पहिली खेप दगावली. दुसरीही गेली. या पिल्लांना पहिले दिवस डोळ्यांना धड न दिसणारे जिवंत किडे खायला लागतात, त्या किड्यांना शेवाळाचं हिरवं पाणी लागतं, आणि हिरव्या पाण्याला ऊन. तेव्हा खिडकीच्या कठड्यावर हिरव्या बाटल्यांची रांग लागली. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना वाटलं, औषधी सरबत आहे. त्यांनी आवाजासाठी अर्धी बाटली मागितली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज सकाळी येऊन टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. एकही मासा त्यांनी आयुष्यात पाळला नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांचं मन मोकळं होतं.

“गाजर घाला,” ते म्हणत. “रंग आतून येतो. माझ्या मेव्हण्याने सहा महिने गाजर खाल्लं, तळपाय केशरी झाले.”

“मला केशरी तळपाय नकोत, एक छटा हवी आहे.”

“मेव्हण्याचे दोन्ही तळपाय एकाच छटेचे होते,” पोस्टमास्तर म्हणाले. यावरून शेडमास्तर दिवसभर चिडून होते.

मग सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र आलं. सदनिकेत ‘समुद्रसदृश पाणी’ साठवायला कमिटीची मंजुरी घेतली आहे काय, आणि भरती-ओहोटीमुळे खालच्या सदनिकांना धोका आहे काय. शेडमास्तरांनी दोन पानी उत्तर लिहिलं. टाकीत भरती येत नाही, ओहोटी मात्र बायको बादली भरते तेव्हा येते, हेही प्रामाणिकपणे कळवलं. सेक्रेटरीने ते पत्र ‘पुढील बैठकीपर्यंत’ ठेवून घेतलं. ती बैठक अजून व्हायची आहे.

सगळ्यात मोठा घोळ मिठाचा झाला. टाकीला खास मीठ लागतं, ते गोणीने मागवावं लागतं. गोणीवाल्याचा फोन आला, “साहेब, निळ्या भिंतीचं घर ना?”

“नाही. राँग नंबर,” म्हणून शेडमास्तरांनी फोन ठेवला. गोणी परत गेली. आठवड्याने पुन्हा फोन. “दुसरा मजला, दाराशेजारची भिंत निळी, तेच ना?”

“आमच्या मजल्यावर निळी भिंत नाही. नीट पत्ता विचारून या.” गोणी पुन्हा परत गेली. जिन्यातली दाराशेजारची भिंत आणि आतली खोली शेडमास्तरांनी मागच्याच वर्षी रंगवून घेतली होती. रंगाऱ्याने आणलेला पांढरा त्यांना पिवळट वाटला होता. दुकानात स्वतः उभं राहून त्यांनी तीनदा थेंब थेंब निळं मिसळायला लावलं, तेव्हा कुठे शुद्ध पांढरा मिळाला. बायको त्या वेळी जरा चाचरत म्हणाली होती, “अहो, थोडी निळी नाही वाटत?” शेडमास्तर म्हणाले होते, “पांढऱ्याला पांढरा म्हणायला नजर लागते.” त्यानंतर हा विषय बंद झाला तो झालाच. शेवटी मीठ बायको गाडीवर बसून स्वतः घेऊन आली.

तिसऱ्या खेपेला मात्र पिल्लं जगली. आधी नुसते काळपट ठिपके होते. दहाव्या-बाराव्या दिवशी डोक्यामागे पांढरा पट्टा उमटला, मग पोटावर, आणि मग नव्वद पिल्लांनी नव्वद प्रकारे नियम मोडायला घेतले. एकाचा पट्टा अर्ध्यात थांबला, जणू सुटी झाली. एकाला नुसता चष्मा आला. गाण्याच्या बाईंना एकाच्या पाठीवर तानपुरा दिसला. पोस्टमास्तरांना एकावर शिक्का दिसला, तोही नीट न उमटलेला.

“नक्षी मी बघत नाही,” शेडमास्तरांनी जाहीर केलं. “नक्षी हा कारागिराचा प्रश्न. मी पांढऱ्याची छटा बघतो.”

कारखान्यातून मोडीत निघालेली एक दिव्याची पेटी त्यांनी घरी आणली होती, ती टाकीवर बसवली. मग नमुन्याच्या रंगपट्ट्यांचा जुना गठ्ठा काढून एकेक पट्टी काचेला लावून मासा जुळवायचा त्यांचा विचार होता. मासे पट्टी बघून तिला खाऊ समजत आणि काचेवर तोंड आपटत. नमुन्याने पट्टी खायला यावं, हे चौतीस वर्षांत त्यांना प्रथमच बघायला मिळालं. तरी महिनाभर बसून त्यांनी आठ पास केले. बाकीचे ‘पिवळट’ म्हणून दुसऱ्या टाकीत गेले. त्या टाकीवर त्यांनी चिठ्ठी लावली: नापास.

बायकोने पास टाकीत बघितलं. “यातल्या काहींना निळी किनार आहे हो. छान दिसते.”

“किनार? मासा आहे तो, टॉवेल नाही.”

“मला दिसतेय ते सांगितलं.”

“तुझं एकटीचं बघणं म्हणजे पुरावा नव्हे. आमच्याकडे नियम होता. दोन माणसं दोन वेगळ्या खोल्यांत बसवायची, एकाने दुसऱ्याशी बोलायचं नाही, दोघांनी चिठ्ठीवर लिहायचं. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या की ते खरं. मग मालकाचा बाप आला तरी बदलायचं नाही.”

“बरं,” बायको म्हणाली. तिने हे लक्षात ठेवलं.

व्याह्यांचं नवं दुकान ज्या इमारतीत उघडणार होतं तिथल्या व्यवस्थापकाला जिवंत प्राण्यांसाठी सरकारी कागद हवा होता. म्हणून शेडमास्तर आठ मासे आठ बरण्यांत घालून, झाकणांवर एक ते आठ आकडे टाकून, पशुधनाच्या कार्यालयात गेले. बायको बरोबर होती, कारण बरण्या आठ आणि हात दोन.

तिथल्या कारकुनाने अर्ज काढला. “जनावर कुठलं? गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा?”

“मासा.”

“मासा यादीत नाही. कोंबडी लिहू?”

“अहो, पाण्यात पोहतोय तो.”

“बदक कोंबडीतच येतं,” कारकून म्हणाला. थोडी ओढाताण होऊन ‘इतर’ वर तडजोड झाली. कानावरच्या बिल्ल्याचा क्रमांक विचारला गेला तेव्हा बायकोने झाकणावरचे आकडे दाखवले. मग रंगाचा रकाना आला. कारकुनाने चष्मा वर सरकवला, पहिली बरणी उजेडाला धरली आणि अक्षर कोरत लिहिलं. दुसरी धरली. लिहिता लिहिता पुटपुटला, “केशरी, पांढरा, निळसर.”

“काय म्हणालात?”

“निळसर.”

“खोडा ते.”

“शाईने लिहिलंय. खोडायचं तर नवा अर्ज, नव्या अर्जाला नवी तारीख, आणि तारीख आता पुढच्या महिन्यातली.”

“मी चौतीस वर्षं रंग तपासलेत!”

“मी इथे एकोणीस वर्षं शेळ्या तपासतोय,” कारकून शांतपणे म्हणाला. “एकही शेळी अशी तक्रार घेऊन आली नाही.”

शेडमास्तर इतके दुखावले की पुढचे रकाने त्यांनी वाचलेच नाहीत. शिक्का बसताच कागद बायकोच्या हातात कोंबला. कार्यालयातले दिवे भिकार आहेत, असा निष्कर्ष त्यांनी जिन्यावरच काढला, आणि घर येईपर्यंत तो चार वेळा सांगितला.

उद्घाटनाच्या दिवशी दुकान झगमगत होतं. पांढऱ्या भिंती होत्या. त्याही शेडमास्तरांच्याच सल्ल्याने दिलेल्या, घरच्या नमुन्यावरून. आलेले दोन-तीन जण “छान थंड निळा आहे” असं म्हणाले, त्यांना व्याह्यांनी चष्म्याच्या नव्या फ्रेमा दाखवल्या. टाकीशेजारी टेबलावर आठ बरण्या ओळीने मांडल्या होत्या. माणसं भोवती गोळा झाली. पोस्टमास्तर मुद्दाम आले होते. टेबलावर मासे होते, पण शेडमास्तरांना खरं म्हणजे आपला डोळाच बरणीत घालून ठेवल्यासारखं वाटत होतं.

व्याह्यांनी खिशातला चष्मा काढून पुसला, घातला, खाली वाकले. पहिल्या बरणीपासून आठव्यापर्यंत गेले. आठव्यापासून पहिल्यापर्यंत आले. डोळा बारीक केला, मान तिरकी केली. मग उभे राहून, कंबर धरून, मोठ्या मनाने म्हणाले, “मास्तर, हरलो. एकासारखा एक! केसाचाही फरक नाही.”

टाळ्या वाजल्या. शेडमास्तरांनी असं तोंड केलं की त्यांना यात काही विशेष वाटत नाही. “व्याहीबुवा, नजर नजरेला ओळखते,” ते म्हणाले. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले.

तेवढ्यात विहीणबाई चहाच्या कपांचा ट्रे घेऊन आत आल्या. पैजेच्या बारकाव्यांत त्या कधी पडल्या नव्हत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि बरण्यांकडे बघून हसल्या. “अय्या, किती गोड! पण हे तीनच निळे का हो आणलेत?”

“कुठले निळे?” व्याही आणि शेडमास्तर एकदमच म्हणाले.

“हे काय. दोन, पाच आणि सात. चांगली ठसठशीत किनार आहे की.”

दोघेही खाली वाकले. दोन पांढरी डोकी एकमेकांवर आपटली. दोघांना काही दिसलं नाही.

शेडमास्तरांच्या बायकोने पर्स उघडली. घाई नाही, गडबड नाही. पशुधन कार्यालयाचा कागद काढला, उलगडला आणि मोठ्याने वाचला. “एक, केशरी-पांढरा. दोन, केशरी-पांढरा-निळसर. तीन, केशरी-पांढरा. चार, केशरी-पांढरा. पाच, निळसर. सहा, नाही. सात, निळसर. आठ, नाही.”

पोस्टमास्तर बोलणार होते, पण त्यांना गाजराचाच विषय सुचला म्हणून गप्प बसले.

“विहीणबाई त्या कार्यालयात कधी गेल्या नाहीत,” बायको म्हणाली. “तो कारकून या दुकानात कधी आला नाही. दोन माणसं, दोन खोल्या, दोन चिठ्ठ्या.”

पैज शेडमास्तर जिंकले होते. बघणारा त्यांनीच निवडलेला होता, त्याचा निकाल त्यांच्या बाजूने होता, आणि या मुद्द्यावर ते तास-दोन तास सहज भांडू शकले असते. त्यांनी तोंड उघडलंही. पण चौतीस वर्षं ज्या नियमावर त्यांनी इतरांचे डबे परत पाठवले, तो नियम समोर कागद धरून उभा होता. त्यांनी तोंड मिटलं. सात नंबरच्या बरणीजवळ जाऊन नाक काचेला लावून पुन्हा एकदा बघितलं. माशाने खाऊ समजून नाकासमोर तोंड आपटलं.

“नापास,” शेडमास्तर हळूच म्हणाले. मासा नव्हे, हे बायकोला कळलं.

“पण मी तर चष्मेवाला आहे!” व्याही कुरकुरले.

“म्हणून तर,” विहीणबाई म्हणाल्या. “चाळीस वर्षं जगाला खालची ओळ वाचायला लावलीत. आता तुम्ही वाचा.”

दोघांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एकाच दिवशीची वेळ मिळाली. दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. आधी कुणी जायचं यावरून वाद झाला, तो परिचारिकेने मिटवला. तिने दोघांना तंबी दिली, या रोगात पांढरं पिवळट दिसतं आणि निळं हरवतं हे ऐकवलं, आणि वयाने मोठे म्हणून व्याह्यांना नेलं. व्याह्यांना आपण मोठे आहोत हे त्या दिवशी प्रथमच अमान्य होतं.

दुसऱ्या दिवशी शेडमास्तरांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. बायको हात धरून घरी घेऊन आली. जिना चढून ते दाराशी आले आणि थांबले.

“ही भिंत निळी कधी झाली?”

“तुम्ही पांढरी दिलीत तेव्हापासून.”

शेडमास्तर आत गेले. खोली निळी होती, तीही साधीसुधी नव्हे. ते हातातली पिशवी न ठेवताच उभे राहिले. “म्हणजे वर्षभर तू या... आणि बोलली नाहीस?”

“बोलले होते. पांढऱ्याला पांढरा म्हणायला नजर लागते म्हणालात. मग म्हटलं, माझी नसेल.”

शेडमास्तर खुर्चीत बसले. समोर नापास टाकी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि जवळ सरकले. ज्या पांढऱ्यासाठी त्यांनी महिनाभर मान मोडून घेतली होती, तो तिथे होता. एक नाही, दोन नाही, बोटावर मोजता येणार नाहीत एवढ्या पाठींवर, छटेला छटा चिकटलेली. त्यांनी उठून टाकीवरची चिठ्ठी काढली. कुठे लावावी ते कळेना, म्हणून खिशात ठेवली.

“परत रंगवून घेऊ भिंत,” ते म्हणाले.

“दुसरा डोळा व्हायचाय अजून. तोपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही.”

फोन वाजला. बायकोने परस्पर मिठाची नवी गोणी मागवली होती. गोणीवाला खाली उभा होता आणि या वेळी त्याच्या आवाजात भीतीच होती. “साहेब, चिडू नका. फक्त एवढं सांगा, निळ्या भिंतीचं घर हेच ना?”

शेडमास्तरांनी डावा डोळा मिटला आणि भिंतीकडे बघितलं. मग उजवा मिटला आणि बघितलं. मग दोन्ही उघडे ठेवले.

“सध्या एकाच डोळ्याने,” ते म्हणाले. “पण या. वर या.”